पाणी नको, खत नको, फक्त जागा द्या

1990 साली कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरा शहरात दुष्काळामुळे हिरवळीला पाणी घालायला बंदी झाली, तेव्हा तिथल्या काही घरमालकांनी मेलेली हिरवळ रंगवून घेतली. रंग अर्थातच हिरवा. फवारणीचा पंप घेऊन माणसं यायची, पिवळं पडलेलं गवत हिरवं करायची आणि बिल ठेवून निघून जायची. रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटावं, या घरात सगळं आलबेल आहे. या रंगवलेल्या हिरवळीला पाणी लागत नसे, कापणी लागत नसे. हिरवळीचा हा एवढा समंजसपणा त्या गावाने आधी कधी पाहिला नव्हता.

गंमत अशी, की याच गावाने शंभर वर्षांपूर्वी पाण्यावाचून अडून न बसणाऱ्या एका गवतावर बक्कळ पैसा केला होता. ते गवत तेव्हाही गावाबाहेर उभं होतं. आजही आहे. आता मात्र त्याला उपटायला माणसं ठेवावी लागतात.

या गवताचं नाव पॅम्पास. मूळचं दक्षिण अमेरिकेतलं. अर्जेंटिना, उरुग्वे, दक्षिण ब्राझील ही त्याची जन्मभूमी. उंची दोन-तीन मीटर, कधी त्याहूनही जास्त. म्हणजे घराच्या दारातून सरळ आत येऊ म्हटलं तर त्याला मान वाकवावी लागेल. खाली लांब, अरुंद पात्यांचा भला थोरला झुबका आणि शरद ऋतूत त्यातून वर आलेले हातभर लांबीचे पांढरे, मलईच्या रंगाचे तुरे. लांबून पाहिलं तर अत्यंत सोज्वळ. जवळ जाऊन पातं हातात धरलं की कळतं, कडेला करवतीचे बारीक दाते आहेत. बागकामात हातमोजे घालणं हा ज्यांना नखरा वाटतो, त्यांनी एकदा पॅम्पास छाटून पाहावं.

दुष्काळाचं त्याला फारसं काही वाटत नाही. मुळं तीन मीटरच्याही खाली जातात आणि चहूबाजूंना पसरतात, त्यामुळे शेजारच्या झाडांच्या वाट्याचा ओलावाही तेच पिऊन घेतं. पहिलं वर्ष जरा पाणी मागतं. नंतर मालक गावाला गेला काय आणि परत आला काय, त्याला सोयरसुतक नाही. रेताड जमीन, खारा वारा, रस्त्याकडेचा मुरूम, सगळं चालतं. ‘मला काही नको हं’ म्हणत आलेल्या पाहुण्याचं घरात सगळ्यांना कौतुक असतं. तो जाणार कधी हे विचारायचं मात्र त्या कौतुकाच्या भरात राहून जातं.

पॅम्पासला युरोपात नेण्याचं श्रेय जॉन ट्वीडी या स्कॉटिश माळ्याकडे जातं. 1825 साली, वयाच्या पन्नाशीत, गुडघ्याला कोणतं तेल चोळावं याची चौकशी करायच्या वयात हे गृहस्थ बायकामुलांसकट अर्जेंटिनाला गेले आणि तिथून रानोमाळ हिंडून झाडांची बियाणी पाठवत राहिले. त्यातलंच पॅम्पासचं बी डब्लिनच्या ग्लासनेव्हिन बागेत पोचलं आणि 1840च्या दशकात ब्रिटनमधल्या बागांत हे गवत मिरवू लागलं. त्याच्या शास्त्रीय नावात मात्र दुसऱ्याच माणसाची आठवण आहे, फ्रिडरिश सेलो या जर्मन वनस्पतिसंग्राहकाची. दुष्काळात हसत उभ्या राहणाऱ्या गवताला ज्याचं नाव मिळालं, तो 1831 साली ब्राझीलमधल्या नदीत बुडून मेला. नियतीची ही कोटी काही हसण्यासारखी नाही, तेव्हा पुढे जाणं बरं.

व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या दिवाणखान्यात रिकामी जागा दिसली की ती भरून काढायची, असा दंडक होता. पियानो, मखमली पडदे, पेंढा भरलेलं घुबड आणि कोपऱ्यात उंच फुलदाणी. त्या फुलदाणीत घालायला पॅम्पासइतकी सोयीची वस्तू दुसरी नव्हती: उंच, झुबकेदार, कधी न कोमेजणारी. धूळ बसायची, पण ती झटकायला मोलकरीण होती. मागणी वाढली आणि ती मागणी पुरवायला सांता बार्बराजवळच्या गोलेटा गावचे नर्सरीवाले जोसेफ सेक्स्टन पुढे सरसावले. पॅम्पासमध्ये दोन प्रकारची झाडं असतात, काही निव्वळ मादी आणि काही द्विलिंगी. मादीचे तुरे रेशमी आणि भरघोस. द्विलिंगी झाडाचे त्या मानाने किरकोळ. सेक्स्टन यांच्या लक्षात आलं, की मादीचा तुरा पुरता फुलायच्या आत काढून, सोलून उन्हात वाळवला तर तो असा काही फुलतो की बघत राहावं. मग 1870च्या दशकापासून 1895पर्यंत कॅलिफोर्नियातून तुऱ्यांच्या पेट्या युरोपला जात राहिल्या.

या धंद्यातली खरी नायिका मात्र हॅरिएट स्ट्राँग. 1883 साली नवऱ्याने आत्महत्या केली. पदरात चार मुली, डोक्यावर कर्ज, आणि लॉस एंजेलिसजवळ व्हिटियरला जमीन. बाईंनी अक्रोडाची झाडं लावली. अक्रोड हे झाड फळ द्यायला वर्षं घेतं, सावकार तेवढा थांबत नाही. म्हणून दुसरीकडे पॅम्पास लावलं आणि तुरे विकून घर चालवलं. पुढे अक्रोडांनीही हात दिला आणि त्या ‘अक्रोडांची राणी’ म्हणून ओळखल्या गेल्या. 1893 साली शिकागोला जागतिक प्रदर्शन भरलं, तेव्हा बाईंनी तिथे चक्क पॅम्पासच्या तुऱ्यांचा महाल उभारला. त्याच वर्षी त्याच शिकागोत स्वामी विवेकानंद सर्वधर्म परिषदेत भाषण करत होते. ते हा गवताचा राजवाडा बघायला गेले होते की नाही, याविषयी त्यांच्या चरित्रकारांनी मौन पाळलं आहे.

याच बाईंनी 1887 साली एकामागे एक धरणं बांधून पाणी साठवण्याच्या योजनेचं पेटंट घेतलं होतं. एका हाताने पाणी अडवण्याची योजना आणि दुसऱ्या हाताने कमी पाण्यावर जगणारं गवत! इतकी दूरदृष्टी दाखवणारा माणूस हल्ली एखाद्या पाणीपुरवठा समितीवर सापडला तर त्याचा सत्कारच करावा लागेल.

1895च्या सुमारास फॅशन बदलली. दिवाणखान्यातला तुरा जुनाट दिसू लागला आणि बाजार बसला. माणसांनी पॅम्पासला सोडलं. पॅम्पासने माणसांना सोडलं नाही.

खरं तर प्रकरण इथेच आटोपलं असतं, पण सरकारने मनावर घेतलं. 1946 साली अमेरिकेच्या मृदसंधारण खात्याने लॉस एंजेलिस आणि व्हेंचुरा या परगण्यांत पॅम्पास मुद्दाम लावलं. हेतू दुहेरी होता. जमिनीची धूप थांबावी आणि कोरड्या भागात गुरांना चारा मिळावा. न्यूझीलंडमध्येही याच भाबड्या हिशेबाने चाऱ्यासाठी आणि वाऱ्याच्या आडोशासाठी पॅम्पासच्या रांगा लावल्या गेल्या. पात्याच्या कडेला करवत असलेलं गवत गाईला चारा म्हणून देण्याची कल्पना ज्याच्या डोक्यातून निघाली, त्याचं नाव इतिहासाने नोंदवलेलं नाही. गाईंचं त्याबद्दल काय मत होतं, तेही नाही.

त्यानंतर जे झालं त्याचं गणित सोपं आहे. एकट्या मादीला बी धरण्यासाठी परागकण लागतात. ठोंब फोडून वाढवलेल्या निव्वळ मादी झाडांच्या बागेत ते मिळत नाहीत. बियांपासून रोपं करायला लागलं की द्विलिंगी झाडंही येतात, आणि मग कुटुंब वाढायला काय वेळ? एकेका तुऱ्यात हजारो बिया, प्रत्येकीला केसांचं छत्र. वारा आला की निघाल्या. त्यात कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर याचं एक सख्खं भावंड आलेलं आहे, अँडीज पर्वतातलं जुबाटा. त्याच्यात तिथे नराचा पत्ताच नाही. सगळ्या माद्या, आणि परागीभवनाच्या भानगडीत न पडता थेट बी धरतात. लग्नाचा खर्च नाही, मानपान नाही, हॉलचं भाडं नाही. समुद्रकाठच्या हायवे नंबर एकवरून जाणारे प्रवासी गाडी थांबवून कड्यावर डोलणाऱ्या जुबाटाचे फोटो काढतात आणि कॅलिफोर्नियाचं निसर्गसौंदर्य म्हणून घरी पाठवतात. बे एरियातल्या मराठी घरांमधून पुण्या-ठाण्याच्या व्हॉट्सॲप गटांवर येणाऱ्या फोटोंतही हा तुरा हमखास असतो. दृश्य सुंदर आहे यात वाद नाही. फक्त त्यातलं गवत पाहुणं आहे आणि त्याच्याखाली स्थानिक झुडपं गुदमरली आहेत.

पुढे पुन्हा दुष्काळ पडला, आणि 1 एप्रिल 2015 रोजी कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर जेरी ब्राउन सिएरा नेवाडा पर्वतात एका कोरड्या, पिवळट गवताच्या माळावर उभे राहिले. त्या तारखेला तिथे एरवी पुरुषाच्या छातीइतकं बर्फ असायचं. तिथूनच त्यांनी शहरांच्या पाणीवापरात पंचवीस टक्के कपात करण्याचा हुकूम काढला. तारीख पाहून काहींना ती थट्टा वाटली असेल तर त्यांचा दोष नाही. दक्षिण कॅलिफोर्नियात हिरवळ उखडून टाकणाऱ्याला चौरस फुटामागे डॉलरच्या हिशेबाने पैसे मिळू लागले. नळाचं पाणी रस्त्यावर वाहताना दिसलं की शेजारी फोटो काढून समाजमाध्यमांवर टाकू लागले. ज्या देशात शेजाऱ्याच्या खासगी आयुष्यात डोकावत नाहीत असं आपल्याला वर्षानुवर्षं सांगितलं गेलं, त्या देशात पाणी संपायला आल्याबरोबर वाड्यातल्या सार्वजनिक नळाचं वातावरण तयार झालं.

हिरवळ काढल्यावर तिथे लावायचं काय? उंच हवं, डौलदार हवं, पाणी नको, देखभाल नको. या चारही अटी वाचल्या की पॅम्पास आपोआप हात वर करतं. पण तोवर तिथल्या तणतज्ज्ञांनी त्याला सर्वांत धोकादायक आक्रमक झाडांच्या यादीत घातलं होतं आणि अनेक नर्सऱ्यांनी ते विकायचं थांबवलं होतं. त्याच्या जागी डिअरग्रास नावाचं स्थानिक गवत सुचवलं जातं, ज्याच्या काड्यांपासून तिथले आदिवासी पिढ्यान्पिढ्या टोपल्या विणत आले. ते माणसाच्या छातीइतकं वाढतं, पाणी कमी पितं, आपली जागा सोडून जात नाही. मात्र त्याचा तुरा बारीक छडीसारखा. हौशी गिऱ्हाईक ते पाहून थोडं हिरमुसतं.

पॅम्पासविरुद्ध आणखी एक तक्रार आहे आणि ती अधिक गंभीर. दुष्काळात ते जगतं खरं, पण जगताना जुनी पानं टाकत नाही. वाळकी पाती बुंध्याशी साठत जातात, उंदीर त्यात संसार थाटतात आणि उन्हाळ्यात तो अख्खा झुबका पेटायला तयार सरपण होतो. इंग्लंडच्या दमट हवेत जुन्या माळ्यांची एक रीत होती, झुबक्याला काडी लावायची म्हणजे नवा पाला जोमाने येतो. ही रीत कॅलिफोर्नियात कुणी पाळली तर नवा पाला येण्याआधी अग्निशमन दल येईल.

इंग्लंडमध्ये पॅम्पासचं जे झालं ते वेगळंच. 1970च्या दशकात तिथल्या उपनगरांत बंगलीपुढे हिरवळीच्या मधोमध एक पॅम्पास ही सुखवस्तूपणाची खूण होती. मग कुठूनशी अफवा उठली, की दारात पॅम्पास म्हणजे आतलं जोडपं शनिवारी संध्याकाळी जोडीदारांची अदलाबदल करणाऱ्या मंडळींपैकी आहे आणि इच्छुकांनी बेल वाजवावी. याला पुरावा कुणी कधी दिला नाही, पण अफवेलाही पाणी लागत नाही. एका नामवंत निवेदिकेने लंडनमधल्या आपल्या बाल्कनीत हौसेने पॅम्पास लावलं आणि मागाहून तिला त्याचा अर्थ समजावून सांगण्यात आला. मग ती गोष्ट वर्तमानपत्रांनी सगळ्या देशाला समजावून सांगितली. विक्री घसरल्याच्या बातम्या आल्या. सत्तरीतल्या कितीतरी निरुपद्रवी आजोबांनी आपली तीस वर्षांपूर्वीची बागकामाची आवड आठवून कपाळावर हात मारून घेतला असेल.

न्यूझीलंडची अडचण ओळखपरेडीची आहे. तिथे टोएटोए नावाचं देशी गवत आहे, माओरी लोकांच्या घरबांधणीत आणि विणकामात वापरलं जाणारं, आणि दिसायला थेट पॅम्पासचं जुळं. पॅम्पासची रोपं करणं, विकणं तिथे बेकायदा. टोएटोए मात्र जपायचं. फरक कसा ओळखायचा? टोएटोए वसंतात ते उन्हाळ्याच्या सुरुवातीला फुलतं आणि त्याचा तुरा झुकलेला असतो. पॅम्पास उशिरा फुलतं, तुरा ताठ. पॅम्पासच्या बुंध्याशी वाळकी पानं रंध्यातून निघालेल्या छिलक्यांसारखी वळलेली दिसतात. आणि पातं धरून ओढलं तर पॅम्पासचं तुटतं, टोएटोएचं तुटत नाही. म्हणजे सरकारी कर्मचाऱ्याने प्रत्येक झुबक्यापाशी जाऊन पातं ओढायचं. ज्याचं तुटलं, तो परदेशी.

स्पेनच्या उत्तर किनाऱ्यावर विनोद संपतो आणि फावडं सुरू होतं. सांतांदेरच्या आसपास रेल्वेचे रूळ, बंदराच्या कडा, बंद पडलेल्या कारखान्यांची आवारं, सगळीकडे पॅम्पास आहे. 2013 पासून स्पेनमध्ये त्याची विक्री आणि लागवड कायद्याने बंद आहे. कांताब्रिया प्रांतात अपंग व्यक्तींसोबत काम करणाऱ्या ‘आमिका’ या संस्थेने युरोपीय निधीतून मोहीम हाती घेतली आणि त्या संस्थेतली माणसं पॅम्पास उखडण्याच्या कामावर उतरली. आधी तुरे कापायचे, म्हणजे बी उडणार नाही. मग झुबका मुळासकट काढायचा. मग दर वर्षी येऊन बघायचं, कारण जमिनीत पडलेलं बी तोवर डोकं वर काढतंच. देखभाल न लागणाऱ्या झाडाची ही देखभाल.

इतकं सगळं होऊन गेल्यावर, गेल्या दहाएक वर्षांत पॅम्पास पुन्हा फॅशनमध्ये आलं. इन्स्टाग्रामवरच्या प्रत्येक बदामी रंगाच्या खोलीत, बदामी सोफ्याशेजारी, बदामी फुलदाणीत त्याचे तुरे उभे राहिले. इंग्लंडात परक्याच्या बागेतले तुरे रातोरात कापून नेल्याच्या तक्रारी झाल्या. शनिवारची अफवा विसरून माणसं आता फक्त गवतासाठी कुंपण ओलांडत होती. व्हिक्टोरियन काळातल्या आणि या लाटेत फरक एकच, झटकायला मोलकरीण नाही. आता गळू नये म्हणून तुऱ्यांवर हेअरस्प्रे मारतात.

ही लाट आपल्याकडच्या मंगल कार्यालयांतही पोचली. झेंडूच्या माळा आणि केळीचे खांब जरा बाजूला सरकले आणि स्टेजवर नवरा-नवरीच्या मागे वाळके तुरे आले. घरातल्या वडीलधाऱ्या मंडळींना शुभकार्यात वाळकं गवत का आणलं, ते कळत नाही आणि डेकोरेटरचं बिल पाहिल्यावर तर मुळीच कळत नाही. नदीकाठी, ओढ्याकाठी पावसाळा सरताना असेच पांढरे तुरे काढणारं गवत त्यांनी जन्मभर फुकट पाहिलेलं असतं. संस्कृतात ज्याला काश म्हणतात ते. ‘पथेर पांचाली’ चित्रपटातली अपू आणि दुर्गा आगगाडी बघायला धावतात ती त्याच फुललेल्या गवतातून. शेतकऱ्याच्या लेखी ते चिवट तण, पण महाराष्ट्राच्या अर्थकारणात त्याचा हात मोठा आहे. 1912 साली कोइमतूरला ऊस संशोधन केंद्र सुरू झालं आणि बार्बर आणि वेंकटरामन या शास्त्रज्ञांनी जाड, गोड, नाजूक उसाचा या रानगवताशी संकर केला. त्यातून काटक ऊस तयार झाला आणि आज कोल्हापूर-सांगलीच्या शिवारात उभ्या असलेल्या उसात ते रक्त आहे. उसाने या नातेवाइकाचा काटकपणा घेतला. पाणी पिण्याची सवय मात्र सोडली नाही.

ज्यांना आपल्या सोसायटीच्या कोरड्या कोपऱ्यात किंवा शेतघराच्या उतारावर उंच, कमी पाण्याचं गवत हवंच आहे, त्यांनी पॅम्पासचं रोप शोधत बसू नये. माठात टाकायचा वाळा सगळ्यांना माहीत आहे. त्याचं गवतही दीड-दोन मीटर उंच वाढतं आणि मुळं सरळ खाली तीन मीटरपर्यंत जातात. कर्नाटकात गुंडलुपेटचे शेतकरी ते बांधावर लावत आलेत आणि 1980च्या दशकात जागतिक बँकेच्या ग्रिमशॉ आणि ग्रीनफिल्ड या तज्ज्ञांनी धूप रोखण्यासाठी त्याचा जगभर प्रचार केला. दक्षिण भारतातला लागवडीचा वाळा बी धरून पसरत नाही, लावला तिथेच राहतो. त्याच्याशेजारी उभं राहून फोटो काढला तर मागे नुसतं वाढलेलं गवत दिसतं, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. नर्सरीतून दक्षिणेकडच्याच वाणाची ठोंबं मागून घ्यावीत, पावसाच्या तोंडाशी वीतभर अंतराने लावावीत आणि पहिल्या हंगामात पावसाने ओढ दिली तर पाणी घालावं.